गोठ्यात फिनेल, दुधात वास

पत्र

नमस्कार मावशी, मी करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते. घरी सहा म्हशी आहेत, सकाळ-संध्याकाळ दूध गावच्या संस्थेत जातं. मध्ये एका म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली आणि तिचा एक सड कायमचा बाद झाला. तेव्हापासून सासऱ्यांनी (मी त्यांना मामा म्हणते) गोठ्यात फिनेलचा सपाटाच लावलाय. धार काढायच्या आधी शेणावरच ओततात, वास घमघमला पाहिजे मगच जंतू मेले असं म्हणतात. गेल्या आठवड्यात संस्थेनं दोनदा दूध परत केलं, औषधाचा वास मारतोय म्हणून. त्यात शेजारच्या गावात लाळ्या-खुरकूत आलाय. दीर म्हणतोय फिनेलनं काय होत नाही, ब्लिचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करून मारूया. आणि एक पाहुणे सांगून गेले की कॅनमध्ये टोपणभर हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, दूध परत येत नाही. माझी बारावी सायन्स झालीय, काहीतरी चुकतंय हे कळतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाही, आणि बोलायला गेलं की 'कालची पोरगी, हिला काय कळतंय' म्हणतात. काय करू?
– एक सूनबाई

उत्तर

अगं पोरी, बाकी सगळं राहू दे, आधी उठ आणि ती ॲसिडची बाटली गोठ्यातनं उचलून घरात कुलपात ठेव. खरंच. मग हे वाच.

ब्लिचिंग पावडर आणि संडासचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, तू सायन्सवाली आहेस, वहीत लिहून बघ, लगेच कळेल. हाच वायू २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्यानं नळकांड्यांतनं सोडला होता आणि खंदकातली माणसं गुदमरून मेली. हवेपेक्षा साधारण अडीचपट जड, त्यामुळं तो वर जात नाही, खाली जमिनीलगत पसरतो आणि गोठ्यात जमिनीलगत कोण असतं तर दावणीला बांधलेली म्हैस, बसलेलं रेडकू आणि धार काढायला उकिडवी बसलेली तू. दिराला सांग की जंतू मरायच्या आधी माणसं मरतील. आणि कुणी आधीच असलं काही केलं असेल तर पहिल्यांदा माणसांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, दारं-खिडक्या सताड उघडायच्या, डोळे चुरचुरत असतील तर भरपूर पाण्यानं धुवायचे, आणि खोकला किंवा धाप राहिली तर 'होईल बरं' म्हणत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, कारण हा त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो.

अजून एक, जे सहसा कोण सांगत नाही. ॲसिड नसलं तरी नुसती ब्लिचिंग पावडर मुताच्या नालीत फेकू नका. मुतात अमोनिया असतो, त्याच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात, तेही डोळ्यांना आणि छातीला वाईटच. नाली आधी पाण्यानं स्वच्छ धुवायची, मग ब्लिचिंगचा विचार.

पाहुण्यांचं पेरॉक्साइड. नाही म्हणजे नाही. दुधात पेरॉक्साइड किंवा सोडा टाकणं ही सरळ भेसळ आहे, अन्न सुरक्षा कायद्यात बसत नाही, आणि ती पकडायची टेस्ट काही मिनिटांची असते. आज दूध वासामुळं परत आलंय, उद्या भेसळीमुळं आलं तर तुमच्या घराचं नाव खराब होईल, आणि गावात ते पुसायला किती वर्षं लागतात हे मी तुला सांगायला नको. शिवाय पेरॉक्साइडनं फिनेलचा वास जातच नाही, म्हणजे ज्यासाठी करायचं तेच होणार नाही. पाहुण्यांना चहा पाज आणि विषय बदल.

आता मामांचं फिनेल. मामा अगदीच वेड्यासारखं काही करत नाहीयेत, हे आधी तू मान्य कर म्हणजे पुढचं सोपं जाईल. काळं फिनेल दगडी कोळशाच्या डांबरातनं येतं, कार्बोलिक ॲसिडच्याच खानदानातलं. आणि कार्बोलिक ॲसिडची गोष्ट तर गुराढोरांपासनंच सुरू होते बघ. इंग्लंडात कार्लाइल नावाच्या गावात सांडपाण्याला वास येऊ नये म्हणून त्यात हे ॲसिड टाकायचे, ते पाणी कुरणांना जायचं, आणि तिथं चरणाऱ्या गुरांच्या पोटातले जंतही कमी झाले अशी बातमी १८६४ च्या सुमारास ग्लासगोच्या जोसेफ लिस्टर या सर्जनच्या कानावर आली. त्यानं विचार केला, तिथं चालतं तर जखमेवर का नाही? हाड मोडून बाहेर आलेल्या जखमांवर त्यानं १८६५ पासून ते वापरलं आणि १८६७ मध्ये छापून जगाला सांगितलं. ऑपरेशनच्या आधी जंतू मारायची पद्धत तिथनं सुरू झाली. म्हणजे मामांच्या हातातल्या बाटलीचं घराणं मोठं आहे, हे त्यांना सांग, खूश होतील.

पण मग १८८१ मध्ये रॉबर्ट कॉकनं काय केलं ते पण सांग. त्यानं फाशी रोगाच्या (ॲन्थ्रॅक्सच्या) जंतूंचे बीजाणू रेशमाच्या दोऱ्यांवर वाळवले आणि एकेका औषधात बुडवून बघितलं, कुठल्या औषधानं खरंच मरतात आणि कुठल्यानं नुसतं मेल्यासारखं वाटतं. तेलात किंवा अल्कोहोलात मिसळलेलं कार्बोलिक काही कामाचं निघालं नाही. म्हणजे औषध तेच, पण कशात मिसळलंय, किती आहे, किती वेळ लागलंय आणि समोर जंतू कुठला आहे, यावर सगळं अवलंबून, आणि वास कितीही आला तरी त्यातनं यातलं काहीच कळत नाही. मामांची गल्लत इथंच होतीय. वास म्हणजे औषध हवेत उडून चाललंय एवढंच, जंतूंचं काय झालं ते नाकाला समजत नाही.

आणि शेणावर ओतायचं म्हणजे तर पैसे नालीत. फिनेल असो, ब्लिचिंग असो, आयोडीन असो, ही औषधं शेण, चारा, रक्त, दूध असल्या सेंद्रिय घाणीवरच खर्ची पडतात, जंतूपर्यंत पोचेपर्यंत दम संपतो. क्लोरीनचं तर फारच. त्यामुळं क्रम असा: शेण उचल, पाण्यानं झाड, साबण किंवा धुण्याच्या सोड्यानं घास, परत पाणी, पाणी निथळू दे, आणि मग औषध टाकून कमीतकमी दहा मिनिटं तसंच सोड. यातलं घासणं हेच निम्म्याहून जास्त काम करतं, पण त्याला वास नाही ना, म्हणून ते केल्यासारखं वाटत नाही कुणाला.

दुधाला वास का लागला तेही आता तुला कळलं असेल. फिनेलमधली द्रव्यं फॅटमध्ये विरघळतात, आणि म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट, म्हणजे उघड्या बादलीतलं दूध आजूबाजूचा वास ओढून घेणारच. त्यात दिरानं वरनं ब्लिचिंग मारलं असतं तर अजून मजा, क्लोरीन आणि फिनॉल मिळून क्लोरोफिनॉल होतात, त्यांची चव इतकी उग्र असते की पाण्यात अगदी लेशमात्र असली तरी जिभेला लागते. म्हणून ही दोन्ही एकाच गोठ्यात एकावर एक कधीच नाही.

तर फिनेल पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. म्हशी बाहेर असताना, धुतलेल्या जमिनीवर, बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाण्यात मिसळून मारायचं, आणि धारेच्या आधी जमीन परत पाण्यानं धुवून वारं खेळू द्यायचं. गव्हाणीला आणि पाण्याच्या हौदाला लावायचं नाही, जनावर चाटतं. घरात मांजर असेल तर जास्त जपायचं, मांजरांच्या अंगाला ही फिनॉलवाली औषधं पचत नाहीत, पायाला लागलं आणि चाटलं की संपलं.

आता खरी काळजी, लाळ्या-खुरकूत. इथं फिनेलवर विसंबायचंच नाही आणि यात मामांची चूक नाही, गावोगाव लोक हेच करतात. या रोगाचा विषाणू साधा नाही, त्याच्या अंगावर चरबीचं आवरणच नसतं. ज्यांना असतं, म्हणजे कोरोना किंवा २०२२ मध्ये महाराष्ट्रभर गाईंना छळणारा लम्पी, त्यांचं आवरण साबण, अल्कोहोल, फिनॉल यांनी फाटतं आणि विषाणू निकामी होतो. (लम्पीत तरी नुसतं औषध पुरलं नाही, कारण तो माश्या, डास आणि गोचिडांवर बसून फिरतो.) लाळ्या-खुरकूतचा विषाणू फिनॉलला, आयोडीनला, हॉस्पिटलात असतात त्या क्वाटरनरी अमोनियमवाल्या औषधांना दाद देत नाही, शेण असेल तिथं तर नाहीच. हॅंड सॅनिटायझरचाही इथं भरवसा नको, आणि शेणानं माखलेल्या हाताला तर तो कशाच्याच कामाचा नाही, साबण आणि पाणीच पाहिजे. पण या विषाणूची एक दुखरी नस आहे, त्याला आंबट सोसत नाही आणि खारंही (मिठासारखं नव्हे, धुण्याच्या सोड्यासारखं) सोसत नाही. सामू (pH) ६ च्या खाली गेला किंवा ९ च्या वर गेला की तो टिकत नाही. म्हणून यावर जगभर वापरतात ती औषधं ऐकून मामांना हसू येईल: धुण्याचा सोडा ४ टक्के, सायट्रिक ॲसिड ०.२ टक्के, ॲसिटिक ॲसिड २ टक्के. बास.

धुण्याचा सोडा, खायचा नव्हे हां, खायचा सोडा त्या कामाचा नाही. दहा लिटरच्या बादलीत ४०० ग्रॅम टाक आणि पूर्ण विरघळू दे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात किलोनं मिळतो, फिनेलच्या मानानं स्वस्त. गोठ्याच्या दाराशी पोतं पसर, ते या पाण्यात चिंब भिजवून ठेव, येणाऱ्या-जाणाऱ्यानं चपला-बूट त्यावर घासूनच आत यायचं, पोतं मळलं की धुवून परत भिजवायचं. गाडीची चाकं पण. आणि हे फक्त घरच्यांना नाही, भरणीला येणारा, पेंड घेऊन येणारा, म्हैस बघायला येणारा व्यापारी, आणि ते पेरॉक्साइडवाले पाहुणे सुद्धा. हातात रबरी मोजे घाल, सोड्यानं कातडी सोलवटते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला लावू नको, काळं पडून खाल्लं जातं.

आणि हे सगळं लसीनंतरचं. हा विषाणू हवेतनंही येतो, पोत्यावर पाय पुसत नाही तो. केंद्राची लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसची लसीकरण योजना सप्टेंबर २०१९ पासून चालू आहे, खुरकूतची लस फुकट असते आणि दर सहा महिन्यांनी द्यायची असते. कानातल्या बिल्ल्याचा नंबर घेऊन सरकारी दवाखान्यात विचार शेवटची लस कधी झालीय. सहापैकी एखादी म्हैस 'तेव्हा गाभण होती म्हणून राहिली' अशी निघते बघ, हमखास.

दगडी म्हणजे कासेचा दाह, त्याचं गणित वेगळंच आहे आणि तिथं जमिनीवर कितीही औषध ओतलं तरी अर्धंच काम होतं. ते जंतू काही जमिनीतनं येतात, म्हणजे शेणातले ई. कोलाय वगैरे, पण बरेचसे एका म्हशीच्या सडातनं दुसरीच्या सडात जातात ते आपल्या हातानं आणि आपल्या फडक्यानं. मला पैज लावायची असेल तर मी सांगते, तुमच्याकडं सहा म्हशींना एकच फडकं आहे. आहे ना? प्रत्येकीला वेगळं फडकं कर, रोज उकळून उन्हात वाळव. धारेच्या आधी सड धुऊन कोरडे पुसायचे, ओल्या सडावरनं घाण पाणी ओघळत थेट सडाच्या तोंडाशी येतं. पहिल्या दोन-चार पिळा काळ्या फडक्यावर किंवा वाटीत काढून बघायच्या, गुठळी दिसली की ती म्हैस त्या दिवशी सगळ्यात शेवटी काढायची आणि तिचं दूध कॅनमध्ये मिसळायचं नाही. अंगठा मुडपून धार काढायची सवय असेल तर ती मोडा, सड आतनं दुखावतो, पूर्ण मुठीनं काढायची.

आणि धार झाल्याबरोबर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचा, टीट डिप म्हणतात त्याला, साधारण अर्धा टक्का आयोडीन आणि कातडी फुटू नये म्हणून ग्लिसरीन, मेडिकलमध्ये तयार मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्या. आयोडीन इथं मस्त चालतं कारण सड धुतलेला आहे, घाण नाही, आणि समोर जंतू आहे तो बॅक्टेरिया. वाटीतलं उरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. दुसऱ्या दिवशी धारेच्या आधी सड धुऊन पुसायचे म्हणजे आयोडीन दुधात उतरत नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास उघडं राहतं, त्या वेळात म्हैस खाली बसली की सगळं मुसळ केरात, म्हणून धार झाली की लगेच पुढ्यात वैरण टाक, खात उभी राहील. याला पैसे पडत नाहीत आणि माझ्या मते दगडीवर यापेक्षा स्वस्त औषध नाही.

कॅन आणि बादल्यांचं पटकन सांगते. आधी साध्या पाण्यानं विसळायचं, एकदम गरम नाही, दुधातलं प्रोटीन भांड्याला शिजून चिकटतं. मग गरम पाणी आणि साबण, ब्रशनं. मग वापरायच्या आधी दहा लिटर पाण्यात सहा ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर, म्हणजे सपाट चमचाभर, ढवळून निवळू द्यायची आणि वरचं नितळ पाणी कॅनमध्ये पाच-दहा मिनिटं फिरवून ओतून टाकायचं, पूर्ण निथळू द्यायचं. हे स्टीलला. पावडर ताजी पाहिजे, ताजीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो आणि उघड्या पिशवीत, ओलीत, उन्हात तो उडून जातो, मग मागच्या वर्षीची पिशवी म्हणजे नुसता चुना. रिकामे कॅन उन्हात पालथे. गरम पाण्यात ब्लिचिंग कालवायचं नाही. भिंतींना वर्षातनं दोनदा चुना मारा, जुनी माणसं उगाच मारत नव्हती.

आता घरातलं, जे तुला खरं विचारायचं होतं असं मला वाटतं.

मामांना 'तुमचं चुकतंय' म्हणून सांगायला जाऊ नको. एक सड बाद झालाय, म्हणजे म्हशीची किंमत पडली आणि त्यांच्या जिवाला लागलंय, ते फिनेल ओततात ते त्या धास्तीनं. तू काढून घ्यायला गेलीस तर बाटली अजून घट्ट धरतील. त्यापेक्षा संस्थेनं दूध परत केल्याचे पैसे आणि महिन्याचं फिनेल असा हिशोब कागदावर मांड, बोलू नको, नुसता समोर ठेव. आपल्याकडची माणसं सुनेचं ऐकत नाहीत पण हिशोबाचं ऐकतात. डॉक्टर गोठ्यात येतील तेव्हा मामांच्या देखत, तुझ्या तोंडानं साधा प्रश्न विचार, 'डॉक्टर, खुरकूतला फिनेल चालतं का हो?' उत्तर डॉक्टर देतील, तू चहा दे. आणि टीट डिपची वाटी मामांच्याच हातात दे, त्यांच्या हाताला काहीतरी रोज करायचं औषध पाहिजे आणि हे औषध बरोबर जागी लागतं. दिराला चाकं आणि पोतं. नवऱ्याचं तू पत्रात एका अक्षरानं काही लिहिलं नाहीस, त्याला कॅन घासायला लाव की, सायन्स तुलाच कशाला एकटीला.

तोपर्यंत या आठवड्यात फिनेल थांबव, गोठा दोन दिवस नुसत्या पाण्यानं आणि सोड्यानं धू, आणि संस्थेत न्यायच्या आधी वाटीभर दूध कोमट करून वास घेऊन बघ, गरम झालं की वास लगेच कळतो. एखादी म्हैस लाळ गाळायला लागली, तोंडानं मचमच करायला लागली किंवा लंगडायला लागली तर तिला वेगळी बांध, तिची वैरण-पाणी वेगळं कर, बाजारला कुठलंच जनावर नेऊ नको, आणि १९६२ ला फोन लाव, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे तो.